हेर पकडणारा कुणाचा माणूस?

गणपतीच्या चार दिवस आधी रात्री साडेनऊला मावशीचा फोन आला. काकांच्या जुन्या फोनवरून करत होती, कारण तिचा स्वतःचा "बिघडला" होता. "अरे, माझ्या मोबाइलमध्ये तेरा व्हायरस निघालेत. सारखा थरथरतोय. दोन मिनिटांत साफ नाही केला तर बँकेचं खातं जाईल म्हणतोय. खाली हिरवं बटण आहे, दाबू का?"

"मावशी, काही दाबू नकोस. उलटा करून ठेव. सकाळी येतो."

सकाळी गेलो तर पडद्यावर ते पान तसंच होतं. मधोमध गोल फिरणारं चक्र, शंभर टक्क्यांवर येऊन थांबलेलं. त्याखाली लाल अक्षरांत इशारा, आणि इशाऱ्यात मावशीच्या फोनचं मॉडेल अगदी बरोबर लिहिलेलं. मोदकाची पारी फाटू नये म्हणून काय करावं, हे शोधताना ती तिथे पोचली होती. पान बंद करायला मला दोन सेकंदं लागली. खरी अडचण पुढे आली. मावशी म्हणाली, "हे खोटं होतं, कळलं. मग खरं कोणतं टाकू? एक नाव सांग आणि मोकळा हो."

नाव सांगणं सोपं आहे. पण ते नाव दोन वर्षांनी कुणाच्या हातात असेल, याची खात्री मला देता येत नाही. म्हणून नावाऐवजी, फोनमधले हेर पकडणारा प्रोग्राम निवडायचा कसा ते लिहितो.

या प्रोग्रामला सगळ्या खोल्यांच्या चाव्या का लागतात

स्पायवेअर म्हणजे तुमच्या नकळत, किंवा तुम्हाला गाफील ठेवून फोनमध्ये वा कॉम्प्युटरमध्ये बसणारा आणि तुमची माहिती दुसऱ्याला पोचवणारा प्रोग्राम. तुम्ही काय टाइप करता, कोणती पानं बघता, कुठे जाता, बँकेचा ओटीपी काय आला, यातलं काहीही. व्हायरसला पसरायचं असतं. याला गपचूप बसून राहायचं असतं. त्याला शोधून काढणारा तो अँटी-स्पायवेअर. पूर्वी हे वेगळे मिळायचे, आता बहुतेक अँटिव्हायरसच दोन्ही कामं करतात. पुढे मी त्याला नुसतं पहारेकरी म्हणेन.

पहारेकरी दोन प्रकारे काम करतो. एक, ओळखीच्या चोरांची यादी त्याच्याकडे असते आणि प्रत्येक फाइल तो त्या यादीशी ताडून बघतो. दोन, चोर नवा असला तरी त्याची वागणूक बघतो: हा कॅल्क्युलेटर आहे म्हणतो, मग एसएमएस कशाला वाचतोय? दोन्हीसाठी त्याला घरातलं प्रत्येक कपाट उघडायची मुभा लागते. म्हणजे चोराला जे हवं असतं, तेच आपण पहारेकऱ्याला आपल्या हाताने देतो. कुंपणानेच शेत खायचं ठरवलं, तर त्याला अडवायला मधे कुणी उरत नाही.

ही मुभा किती खोल असते, ते १९ जुलै २०२४ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या नावाजलेल्या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पाडले. विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. त्यात कुणाची वाईट नियत नव्हती, निव्वळ चूक होती.

करणी सांगणारा आणि करणी काढणारा एकच

आधी त्या लाल पानाचं बघू. ब्राउझरमध्ये उघडलेल्या वेबपानाला तुमच्या फोनमधल्या फाइली तपासता येतच नाहीत. ते फिरणारं चक्र म्हणजे नुसतं चलतचित्र. तुमच्या फोनवर असो की माझ्या, ते तेराच व्हायरस दाखवणार. मॉडेलचं नाव तर कुठल्याही वेबसाइटने विचारलं की ब्राउझर सांगून टाकतो, त्यात तपास कसला? आणि अँड्रॉइडवर वेबपानाला फोन थरथरवताही येतो. हे ऐकल्यावर मावशीचा चेहरा खरोखर पडला, कारण त्या थरथरण्याचीच तिने सर्वांत जास्त धास्ती घेतली होती.

हा धंदा जुना आहे. गावात देवऋषी यायचा, म्हशीने दूध का कमी केलं ते सांगायचा, करणी शोधायचा आणि ती काढायचे पैसेही तोच घ्यायचा. विनफिक्सर, विनअँटिव्हायरस, ड्राइव्हक्लीनर, एक्सपी अँटिव्हायरस ही २००८च्या आसपासची नावं त्याच जातकुळीतली. मागे कंपनी एकच, इनोव्हेटिव्ह मार्केटिंग. नोंदणी बेलीझची, कारभार युक्रेनमधल्या कीव्हचा. अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी आयोगाने, डिसेंबर २००८मध्ये तिच्यावर खटला भरला. आयोगाच्या म्हणण्यानुसार फसलेल्यांची संख्या दहा लाखांवर होती. २०१२मध्ये कोर्टाने १६ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक रकमेचा निकाल दिला. या मंडळींची युक्ती बघण्यासारखी होती. नामांकित संस्थांच्या नावाने ते जाहिरातींची जागा घ्यायचे. जाहिरात कंपनीच्या माणसांना साधी जाहिरात दिसायची, वाचकाला मात्र ती थेट खोट्या तपासणीच्या पानावर नेऊन सोडायची. त्यामुळे "मी चांगल्याच साइटवर होतो" या वाक्याला अर्थ नाही. मोदकांच्या साइटला तर नाहीच नाही.

प्रतिष्ठित दुकानांतही हे घडलंय. ऑफिस डेपो ही अमेरिकेतली मोठी दुकानसाखळी. तिच्या दुकानांत गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर तपासायला 'पीसी हेल्थ चेक' नावाचा प्रोग्राम होता. तपासणीआधी दुकानातला माणूस चार प्रश्न विचारायचा: कॉम्प्युटर मंद झालाय का, व्हायरसचे इशारे येतात का, वारंवार बंद पडतो का, जाहिराती मधे मधे उगवतात का. यातल्या एकाला जरी "हो" उत्तर टिचकावलं, की प्रोग्राम दुखणं सापडल्याचं सांगायचा. तपासणीत काय निघालं याचा निकालाशी संबंधच नव्हता. २०१९मध्ये ऑफिस डेपो आणि हा प्रोग्राम पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम यांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून हे प्रकरण मिटवलं.

यातून मी स्वतःपुरता एक नियम केलाय. जो पहारेकरी न बोलावता दारात येऊन "तुमच्या घरात चोर आहे" म्हणतो, त्याला घरात घ्यायचं नाही, मग चोर खरंच असो वा नसो. पहारेकरी आपण शोधत जायचं.

नियत साफ, पण येतं काय?

समजा माणूस लबाड नाही. तरी त्याला काम येतं का, हा वेगळा प्रश्न उरतोच.

२०१४मध्ये गूगल प्ले स्टोअरवर 'व्हायरस शील्ड' नावाचं विकतचं ॲप आलं. किंमत ३.९९ डॉलर. दहा हजारांवर लोकांनी ते घेतलं आणि विकतच्या ॲपच्या यादीत ते झपाट्याने वर चढलं. अँड्रॉइड पोलीस या साइटच्या लोकांनी आतला कोड उघडून पाहिला. ॲप एकच काम करत होतं: ढालीवरच्या चित्राला बोट लावलं की फुलीची खूण जाऊन बरोबरची खूण यायची. गूगलने ते काढून टाकलं आणि पैसे परत केले.

तो अपवाद असेल असं वाटलं तर २०१९ची चाचणी बघा. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या संस्थेने प्ले स्टोअरवरचे २५० पहारेकरी घेतले आणि प्रत्येकासमोर २,००० खरी घातक ॲप सोडली. त्यांतली ३० टक्के पकडणं आणि निरपराध ॲपना न पकडणं, इतपत जमलं ते ८० जणांना. ३० टक्के! परीक्षेत पस्तीसला पास करतात.

बाकीचे काय करत होते? कित्येक जण फक्त नाव बघत होते. त्यांच्याकडे भल्या ॲपच्या नावांची एक यादी होती. नाव यादीत असलं की आत सोडायचं, नसलं की चोर म्हणायचं. सोसायटीच्या गेटवर "पाटलांकडे आलोय" म्हटलं की रजिस्टर न बघता आत सोडणारा वॉचमन असतो ना, तसं. घातक ॲपने ॲडोबी या नामांकित कंपनीच्या घराण्यातलं नाव लावलं की ते सुखरूप आत. उलट काही ॲपना तर स्वतःचंच नाव यादीत घालायचं राहून गेलं होतं, त्यामुळे त्यांनी स्वतःलाच धोकादायक ठरवलं. एवढं प्रामाणिक सॉफ्टवेअर विरळा.

म्हणून "याने माझ्या फोनमध्ये सतरा गोष्टी पकडल्या" हे कौतुक नव्हे. सतरा म्हणजे काय होतं, त्यांतलं खरं किती, हे विचारायला हवं. साध्या जाहिरातींच्या कुकी, म्हणजे वेबसाइटनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणा, मोजूनही आकडा फुगवता येतो.

हॉलमार्क कुणाचा?

सोनं घेताना आपण सराफाच्या शब्दावर थांबत नाही, हॉलमार्क बघतो. त्यातही २०२३पासून सहा अक्षरी-अंकी क्रमांक असतो आणि तो सरकारी ॲपवर ताडून बघता येतो. पहारेकऱ्यांसाठीही अशा कसोट्या आहेत: जर्मनीतल्या माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट, वर आलेली एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज, लंडनची एसई लॅब्ज. एव्ही-टेस्ट तीन बाबींना सहा-सहा गुण देते: किती पकडलं, कॉम्प्युटर किती मंदावला, आणि निरपराधांना किती त्रास दिला. तिसरी बाब लोक सोडून देतात. रोज "लांडगा आला रे" ओरडणाऱ्याचा इशारा चौथ्या दिवशी आपण न वाचता बंद करतो, आणि नेमका त्या दिवशी लांडगा येतो.

कंपनीच्या पानावरचं पदकाचं चित्र मात्र मोजू नका. चित्र कुणीही चिकटवतं. चाचणी संस्थेच्या स्वतःच्या साइटवर जाऊन ते नाव शोधा, आणि निकाल या वर्षीचा आहे का ते बघा. दोन संस्थांनी, दोन-तीन वर्षं सलग बरं म्हटलं असेल तर मी पुढे जातो.

"पण या संस्था तर कंपन्यांकडूनच पैसे घेतात!" हो, बरेचदा घेतात. हॉलमार्किंग केंद्रालाही सराफच पैसे देतो. मुद्दा हा की पैसे देणाऱ्याला नापास करायची हिंमत तिथे आहे का. २०१५मध्ये याची परीक्षा झाली. चीनच्या चिहू ३६० या बलाढ्य कंपनीने चाचणीला पाठवलेल्या प्रोग्राममध्ये बिटडिफेंडर या दुसऱ्या कंपनीचं इंजिन, म्हणजे चोर ओळखणारा भाग, चालू ठेवलं होतं. चीनमधल्या सामान्य गिऱ्हाइकाला मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये ते मुळात बंद असायचं. तपासणीला नेलेलं दूध वेगळं आणि रतिबाला घातलेलं वेगळं. एव्ही-टेस्ट, एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज आणि व्हायरस बुलेटिन या तीन चाचणी संस्थांनी मिळून कंपनीचे त्या वर्षीचे सगळे गुण आणि प्रमाणपत्रं रद्द केली.

"प्ले स्टोअरवर आहे म्हणजे गूगलने बघितलंच असेल"

बघितलेलं असतं, पण सुटतंही. २०२२मध्ये चेक पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी प्ले स्टोअरवर सहा अँटिव्हायरस ॲप शोधली, १५ हजारांवर वेळा डाउनलोड झालेली. पोटात शार्कबॉट होता, बँकेचे पासवर्ड चोरणारा. अँड्रॉइडमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' नावाची परवानगी असते. दृष्टिहीनांना फोन वापरता यावा म्हणून पडदा वाचायची आणि बोटाऐवजी स्वतः बटण दाबायची ती सोय. शार्कबॉट तीच मागायचा आणि बँकेच्या ॲपवर आपलं खोटं पान पांघरायचा. गंमत म्हणजे भारतातला फोन दिसला की तो गप्प बसायचा. चीन, रशिया, युक्रेन, बेलारूस, रुमानिया आणि भारत त्याच्या वगळलेल्या यादीत होते. का, ते त्या चोरांनाच ठाऊक. आपल्याकडे 'आरटीओ चलान' किंवा लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फाइलींनी, म्हणजे स्टोअरबाहेरून ॲप बसवणाऱ्या फाइलींनी, ती उणीव भरून काढली आहे.

ॲपलवाल्यांनीही निवांत होऊ नये. 'ॲडवेअर डॉक्टर' हे मॅकच्या स्टोअरवर विकतच्या उपयुक्त ॲपमध्ये पहिल्या नंबरवर होतं. नको असलेल्या जाहिराती काढतो म्हणायचं आणि ब्राउझिंगचा इतिहास गोळा करून चीनमधल्या सर्व्हरवर पाठवायचं. सप्टेंबर २०१८मध्ये बोभाटा झाल्यावर ॲपलने ते काढलं. संशोधकाने महिनाभर आधी कळवूनही तोवर ते विक्रीला होतंच.

फुकटचं वाईट आणि विकतचं चांगलं?

ॲडवेअर डॉक्टर विकतचं होतं, व्हायरस शील्डही. तेव्हा पैसे मोजले की निश्चिंती, हे विसरा. पण फुकट देणाऱ्याला पैसे कुठून मिळतात, एवढं विचारायलाच हवं.

अवास्ट या पहारेकऱ्याची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत जास्त लागते, कारण तो भोंदू नव्हता. उत्तम पकडणारा, चाचण्यांत वरच्या रांगेतला, आणि फुकट. मी स्वतः कित्येकांच्या कॉम्प्युटरवर तो टाकून दिला होता. तुमच्यावर पाळत ठेवणारे ट्रॅकर आम्ही अडवतो, असं तो सांगायचा. त्याच वेळी लोक कोणती पानं बघतात याचा तपशील तो जंपशॉट या आपल्याच उपकंपनीमार्फत विकत होता, शंभरावर कंपन्यांना. जानेवारी २०२०मध्ये पत्रकारांनी हे बाहेर काढलं, तेव्हा जंपशॉट बंद झाली. फेब्रुवारी २०२४मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलरचा दंड ठोठावला आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकायला बंदी घातली. नावं काढून टाकली होती, हा अवास्टचा बचाव होता. पण कुणी आजाराची, कर्जाची, धर्माची कोणती पानं मिनिटामिनिटाला बघितली, हे एकाच खुणेखाली वर्षानुवर्षं साठलं, तर माणूस ओळखायला नाव कशाला लागतं?

मग आपलं देशी बरं ना?

एक फायदा नक्की आहे: पत्ता. पुण्याची क्विक हील, कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून उभी राहिलेली आणि २०१६पासून शेअर बाजारात नोंदलेली; चेन्नईची के७. काही बिनसलं तर ग्राहक न्यायालयात खेचता येईल असं कुणीतरी समोर असतं. कीव्हमधल्या कार्यालयाला नोटीस कोण बजावणार?

पत्ता असला म्हणजे कडी लावलेलीच असते असं नाही. भारतीय बनावटीच्या ई-स्कॅनची अपडेट एके काळी कुलूपबंद मार्गाने येत नव्हती, उघड्या पोस्टकार्डासारखी यायची. हल्लेखोरांनी वाटेत ती बदलून आपला माल आत घुसवला. जुलै २०२३मध्ये कंपनीने ही फट बुजवली आणि एप्रिल २०२४मध्ये सगळा प्रकार प्रसिद्ध झाला. तो शोधून, कंपनीला आणि सर्ट-इन या आपल्या सरकारी यंत्रणेला कळवणारे कोण? अवास्टचे संशोधक. दोनच महिन्यांपूर्वी दंड झालेल्या कंपनीचे. एकाच घरात दोन्ही प्रकारची माणसं असतात.

मालकही बदलतो. कॅस्परस्की ही रशियन कंपनी चाचण्यांत कायम पुढे असायची. जून २०२४मध्ये अमेरिकी सरकारने तिच्या विक्रीवर बंदी आणली. हरकत तिच्या पकडण्याबद्दल नव्हती, रशियन सरकार तिला काय करायला लावू शकेल याबद्दल होती. सप्टेंबरमध्ये अमेरिकेतले कित्येक ग्राहक सकाळी उठले तर कॅस्परस्की गायब आणि तिच्या जागी अल्ट्राएव्ही नावाचा कधी न ऐकलेला प्रोग्राम आपोआप बसलेला. कंपनीने ईमेल पाठवले होते म्हणे. असले ईमेल कोण वाचतं?

पेगॅसससारखं काही असेल तर?

पेगॅसस म्हणजे एका इस्रायली कंपनीने सरकारांना विकलेलं स्पायवेअर. ते प्रकरण आपल्या आवाक्याबाहेरचं. पत्रकार, कार्यकर्ते, राजकारणी यांच्यावर सोडलेलं ते हत्यार प्ले स्टोअरवरच्या ॲपला सापडत नाही. "पेगॅसस काढून देतो" म्हणणारा प्रोग्राम दिसला की त्याच्याकडे जास्तच संशयाने बघा. २०२१मध्ये पेगॅससच्या बातम्या गाजत असताना ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेच्या वेबसाइटची हुबेहूब नक्कल करून एक 'अँटी-पेगॅसस' प्रोग्राम वाटला जात होता. सिस्को टॅलोसच्या संशोधकांना त्यात सारवेंट नावाचं हेर सापडलं. ज्यांना खरंच धास्ती आहे, त्यांच्यासाठी आयफोनमध्ये २०२२पासून 'लॉकडाउन मोड' आहे.

मावशीच्या फोनवर काय केलं

नवीन काहीच टाकलं नाही. उलट काढलं.

विंडोजमध्ये पहारेकरी आधीपासून असतो. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २००४मध्ये जायंट नावाची छोटी कंपनी घेतली, तिच्या अँटी-स्पायवेअरचा पुढे डिफेंडर झाला आणि २०१२च्या विंडोज ८पासून तो पूर्ण अँटिव्हायरस म्हणून आतच येतो. अँड्रॉइडवर गूगलचा प्ले प्रोटेक्ट असतो. शिवाय फोनवर एका ॲपला दुसऱ्याच्या खोलीत शिरताच येत नाही, त्यामुळे बाहेरून आणलेल्या पहारेकऱ्याची धाव तिथे मुळात तोकडी. घरगुती वापराला हे आतले पुरतात असं माझं मत झालंय. दुकानाचे हिशेब असतील, मुलं वाटेल ते डाउनलोड करत असतील, तर विकतचा घ्यावा, वरची झडती घेऊन.

मावशीच्या फोनमध्ये 'क्लीनर' म्हणून एक ॲप निघालं. चार्जर घ्यायला गेली असताना मोबाइलच्या दुकानातल्या पोराने "फास्ट होईल मावशी" म्हणत टाकून दिलेलं. त्याला ॲक्सेसिबिलिटी दिलेली होती. ती आधी बंद केली, मग ॲप काढलं. क्रोमच्या नोटिफिकेशनच्या यादीत अकरा वेबसाइटना इशारे पाठवायची परवानगी मिळाली होती, मोदकांच्या पानासकट, सगळ्या काढल्या. प्ले प्रोटेक्ट चालू आहे ते पाहिलं, राहिलेली अपडेट घेतली. पैसे गेल्याचं कळलं तर पहिला फोन मला नाही, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, हे तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

"म्हणजे झालं ना आता कायमचं?" तिने विचारलं.

मी नाही म्हटल्यावर ती उठली. भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटून, सिलिंडर लावल्याच्या नोंदी असतात त्या जागी, डिसेंबरमधल्या एका चौकोनात तिने पेन्सिलीने लिहिलं: मोबाइल, परवानग्या बघणे. मग खाली रेघ मारून म्हणाली, "ये त्या दिवशी. श्रीखंड करीन."